बियाण्यांचा राखणदार : निकोलाय वाव्हिलोव्ह

उपवासाच्या दिवशी मराठी घरांत होणारी साबुदाण्याची खिचडी तुम्ही खाल्ली असेल. निदान तिच्याविषयी ऐकले तरी असेल. या खिचडीत शेंगदाण्याचे कूट असते, बटाट्याच्या फोडी असतात आणि हिरवी मिरचीही असते. आपल्याकडचा साबुदाणा टॅपिओका नावाच्या झुडपाच्या कंदापासून तयार होतो. आश्चर्याची गोष्ट अशी, की या चारांपैकी एकही वनस्पती मूळची भारतातील नाही. या सर्व वनस्पती मध्य व दक्षिण अमेरिकेतून समुद्रमार्गे जगभर पसरल्या. सहाशे वर्षांपूर्वीच्या आपल्या पूर्वजांना भुईमुगाची शेंग ठाऊकही नव्हती. आज मात्र भुईमूग आपल्याला इतका आपला वाटतो, की त्याचे माहेर सातासमुद्रापलीकडे आहे हे कोणी सांगितले तरी चटकन पटत नाही.

कोणते पीक मूळचे कोठले? त्याचे रानात वाढणारे भाऊबंद कोण? आणि हे भाऊबंद नाहीसे झाले, तर माणसाच्या अन्नाचे काय होईल? हे प्रश्न ज्यांनी आयुष्यभर स्वतःला विचारले आणि ज्यांच्या उत्तरासाठी पाच खंडांची भूमी पायांखाली घातली, त्या निकोलाय वाव्हिलोव्ह या रशियन शास्त्रज्ञाचा हा जीवनपरिचय आहे.

निकोलाय इव्हानोविच वाव्हिलोव्ह यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८८७ रोजी मॉस्को येथे झाला. त्यांचे वडील मूळचे एका खेड्यातील गरीब शेतकरी कुटुंबातले. लहानपणी ते मॉस्कोत आले आणि कष्टाच्या बळावर व्यापारात नावारूपाला आले. मुलांनी शिकावे, अशी त्यांची इच्छा होती. त्यांचे दोन्ही मुलगे विज्ञानाकडे वळले. धाकटे सेर्गेई पुढे नामवंत भौतिकशास्त्रज्ञ झाले, तर थोरले निकोलाय वनस्पतींच्या ओढीने शेतीशास्त्राकडे गेले. निकोलाय चार वर्षांचे असताना, १८९१-९२ साली, रशियात भीषण दुष्काळ पडला आणि लाखो माणसे मृत्युमुखी पडली. भुकेचा प्रश्न त्या पिढीला पुस्तकात शोधावा लागला नाही. तो त्यांच्या दारातच उभा होता.

मॉस्कोच्या शेतकी संस्थेतून पदवी घेतल्यावर वाव्हिलोव्ह यांनी पिकांवरील रोगांचा अभ्यास सुरू केला. एकाच शेतात शेजारी शेजारी वाढणाऱ्या गव्हाच्या दोन वाणांपैकी एकावर तांबेरा पडतो आणि दुसरा निरोगी राहतो, याचे कारण काय असावे, या प्रश्नाने त्यांना पछाडले. त्या काळी आनुवंशशास्त्र हे विज्ञान अगदी नवे होते. ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्याच्या झाडांवर केलेले प्रयोग जगाला नुकतेच उमगू लागले होते. या नव्या विज्ञानाची ओळख करून घेण्यासाठी वाव्हिलोव्ह १९१३ साली इंग्लंडला गेले आणि विल्यम बेटसन या विख्यात शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी काम केले. रोगाशी झुंजण्याची शक्ती ही वनस्पतीला पूर्वजांकडून मिळालेली देणगी असते आणि ती संकराने दुसऱ्या वाणात आणता येते, हे त्यांना तेथे स्पष्ट झाले.

मग साहजिकच पुढचा प्रश्न निर्माण झाला. ही देणगी शोधायची कोठे? शेतकऱ्याने हजारो वर्षे निवडून निवडून घेतलेल्या वाणांत काही गुण वाढीस लागतात, तसे काही गुण हरपतातही. दाणा मोठा होतो, चव सुधारते. पण रोगाशी व अवर्षणाशी झगडण्याची मूळची ताकद कमी होऊ शकते. ती ताकद ज्यांच्या अंगी टिकून आहे असे जुने वाण आणि रानटी नातलग शोधायचे, तर त्या पिकाच्या मूळ भूमीकडेच गेले पाहिजे, असे वाव्हिलोव्ह यांच्या मनाने घेतले.

१९१६ साली ते इराणात व पामीरच्या पर्वतप्रदेशात गेले. तेथे त्यांना एक नवलाची गोष्ट दिसली. सखल भागातील गव्हाच्या शेतांत राय नावाचे धान्य तण म्हणून उगवत होते. शेतकरी ते उपटून टाकत. पण जसजसे उंचावर जावे तसतसे थंडीपुढे गहू हतबल होई आणि चिवट राय वाढत जाई. अखेर अगदी उंचावर शेतकऱ्यांनी तणालाच पीक म्हणून स्वीकारलेले आढळले. एका धान्याचा जन्म कसा होतो, हे वाव्हिलोव्ह यांनी डोंगराची चढण चढता चढता पाहिले.

१९१७ साली व्होल्गा नदीच्या काठी वसलेल्या सारातोव्ह येथे त्यांची प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. देशात क्रांती झाली होती, यादवी युद्ध पेटले होते. अशा धामधुमीतही ते विद्यार्थ्यांना घेऊन शेतांतून हिंडत. १९२० साली त्यांनी आपला एक महत्त्वाचा सिद्धान्त मांडला. जवळचे नाते असलेल्या वनस्पतींत जे बदल घडतात ते बहुधा सारख्याच मालिकेत घडतात, असे त्याचे सार होते. त्यामुळे एका जातीत एखादा गुण आढळला, तर तिच्या भावंड जातीत तो कोठे ना कोठे असणार, असे अनुमान करून त्याचा शोध घेता येतो. तेव्हा त्यांचे वय अवघे बत्तीस वर्षांचे होते.

पुढच्याच वर्षी पेट्रोग्राड येथील वनस्पतिसंशोधन केंद्राची सूत्रे त्यांच्याकडे आली. त्या वेळी व्होल्गाच्या खोऱ्यात पुन्हा भयंकर दुष्काळ पडला होता. ज्या संस्थेकडे देशाला अन्न देण्याचा मार्ग शोधायचा होता, तेथील कर्मचारीही अर्धपोटी होते. वाव्हिलोव्ह यांनी या संस्थेला जगातील सर्वांत मोठ्या बियाणे-संग्रहाचे रूप द्यायचे ठरवले. पुढील वीस वर्षांत त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अफगाणिस्तानचे दुर्गम घाट, इथिओपियाची पठारे, भूमध्य समुद्राभोवतालचे देश, पश्चिम चीन, जपान, कोरिया, मेक्सिको अशा अनेक प्रदेशांतून बियाणे गोळा केले. कधी घोड्यावरून, कधी खेचरावरून, कधी पायी असा हा प्रवास चाले. वाव्हिलोव्ह अनेक भाषा बोलत, थोडी झोप घेत आणि पहाटेपासून कामाला लागत. बाजारातील धान्याच्या पोत्यात हात घालून ते मूठभर दाणे घेत, शेतकऱ्याशी गप्पा मारत आणि पिशवीवर गावाचे नाव लिहून ठेवत.

या प्रवासांतून त्यांच्या लक्षात आले, की पिकांची विविधता पृथ्वीवर सर्वत्र सारखी विखुरलेली नाही. काही थोड्या प्रदेशांत ती दाटून राहिलेली असते. जेथे एखाद्या पिकाचे सर्वाधिक प्रकार आणि त्याचे रानटी नातलग आढळतात, तेथेच त्याचा उगम झाला असावा, असा सिद्धान्त त्यांनी १९२६ साली ग्रंथरूपाने मांडला. आरंभी त्यांनी अशी पाच केंद्रे सांगितली. पुढे १९३५ पर्यंत त्यांची संख्या आठ झाली. त्यांत भारताचेही मानाचे स्थान होते. वांगे, आंबा, तूर आणि मूग यांची परंपरा आपल्या भूमीशी जोडलेली आहे. उगमस्थान व विविधतेचे स्थान नेहमी एकच असते असे नाही, हे पुढील संशोधकांनी दाखवून दिले. तरीही त्या शोधाची दिशा वाव्हिलोव्ह यांनीच घालून दिली.

१९३२-३३ साली ते दक्षिण अमेरिकेत गेले. पेरू, बोलिव्हिया, चिली, अर्जेंटिना, ब्राझील असा त्यांचा प्रवास झाला. भुईमुगाचे मूळ घर त्यांनी याच खंडात, ब्राझील व पॅराग्वे यांच्या परिसरात मानले होते. त्यांच्या या अनुमानाचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे.

भुईमूग हे विलक्षण झाड आहे. त्याचे फूल जमिनीच्या वर उमलते. पण फलन झाल्यावर त्यातून आऱ्या सुटतात, त्या मातीत शिरतात आणि शेंग जमिनीखाली भरते. त्याच्या कुळात ऐंशीहून अधिक जाती असून त्या सर्व दक्षिण अमेरिकेतील आहेत. बहुतेक रानटी जातींच्या पेशीत वीस गुणसूत्रे असतात, तर आपण पेरतो त्या भुईमुगात चाळीस. यावरून हे पीक दोन रानटी जातींच्या संकरातून जन्मले असावे, असा तर्क शास्त्रज्ञांनी केला. २०१६ साली त्या दोन रानटी जातींच्या आणि २०१९ साली लागवडीच्या भुईमुगाच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन प्रसिद्ध झाले आणि हा तर्क खरा ठरला. अरॅकिस ड्युरानेन्सिस आणि अरॅकिस इपाएन्सिस ही त्या दोन पूर्वजांची नावे. उत्तर अर्जेंटिना व दक्षिण बोलिव्हिया येथे, म्हणजे वाव्हिलोव्ह यांनी सांगितलेल्या प्रदेशाच्या काहीसे पश्चिमेला, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी हा संकर झाला असावा. शेंग मातीत पुरली जात असल्याने रानटी भुईमूग आपण होऊन फार दूर पसरत नाही. म्हणून माणसानेच एका जातीचे बी दुसरीच्या प्रदेशात नेले आणि त्यातून नकळत हा संयोग घडला, असे मानले जाते.

मात्र या जन्मकथेत एक धोकाही दडलेला आहे. जगातील सगळा भुईमूग अशा एखाददुसऱ्या संकराची संतती असल्याने त्याच्यातील मूळ वैविध्य तोकडे आहे. टिक्का किंवा तांबेरा यांसारखा रोग आला, की एकाच साच्यातली ही झाडे त्याला सहज बळी पडतात. अशा वेळी रानटी भाऊबंदच धावून येतात. बोलिव्हियात गोळा केलेल्या अरॅकिस कार्डेनासी या रानटी जातीपासून रोगप्रतिकाराचे गुण भुईमुगात आणण्यात शास्त्रज्ञांना यश आले. हैदराबादजवळील पाटणचेरू येथील आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेनेही या कामात मोठा वाटा उचलला. ज्या रानरोपट्याला कोणी किंमत दिली नसती, त्याने भारतातील शेतकऱ्याचे पीक वाचवण्यास हातभार लावला. वाव्हिलोव्ह यांनी सांगितलेला मार्ग तो हाच.

परंतु स्वतः वाव्हिलोव्ह यांच्या वाट्याला मात्र वेगळेच दिवस आले. १९३०च्या दशकात सोव्हिएत देशात सक्तीच्या सामुदायिक शेतीमुळे उत्पादन घटले, पुन्हा दुष्काळ पडला आणि राज्यकर्त्यांना झटपट यश हवे झाले. नवा वाण तयार करायला दहा-बारा वर्षे लागतात, हे वाव्हिलोव्ह प्रामाणिकपणे सांगत. त्याच सुमारास त्रोफिम लिसेंको नावाचे शेतीतज्ज्ञ पुढे आले. बियाण्याला थंडी व ओलावा देऊन त्याचा स्वभाव पालटता येतो आणि मिळवलेला गुण पुढच्या पिढीत उतरतो, असा त्यांचा दावा होता. जनुकांचे अस्तित्वच त्यांना मान्य नव्हते. आरंभी वाव्हिलोव्ह यांनी या तरुण संशोधकाला उत्तेजनच दिले होते. पण लिसेंको यांचे दावे प्रयोगांच्या कसोटीस उतरत नव्हते. तरीही सर्वसत्ताधीश स्टालिन यांना त्यांची आश्वासने भावली. विरोध करणे म्हणजे जिवावर उदार होणे होते. अनेक सहकारी पकडले गेले. वाव्हिलोव्ह यांनी गप्प राहून पद सांभाळले असते, तर कदाचित ते वाचले असते. त्यांनी तसे केले नाही. भर सभांतून ते आनुवंशशास्त्राची बाजू मांडत राहिले. १९३९ साली एडिंबरा येथे भरलेल्या जागतिक आनुवंशशास्त्र परिषदेचे अध्यक्षपद त्यांना देण्यात आले होते. पण देशाबाहेर जाण्याची परवानगी त्यांना मिळाली नाही.

६ ऑगस्ट १९४० रोजी ते पश्चिम युक्रेनच्या डोंगराळ भागात वनस्पती गोळा करत असताना अधिकारी मोटार घेऊन आले आणि तातडीच्या कामाचे निमित्त सांगून त्यांना घेऊन गेले. त्यांची पिशवी मागे राहिली. सहकाऱ्यांनी ती उघडली, तेव्हा तीत त्याच दिवशी गोळा केलेला एक प्राचीन, अर्धरानटी गहू सापडला. हा त्यांचा अखेरचा शोध ठरला.

हेरगिरी व शेतीचा घातपात असे खोटे आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आले. सुमारे अकरा महिन्यांच्या छळानंतर जुलै १९४१ मध्ये काही मिनिटांच्या सुनावणीत त्यांना मृत्युदंड सुनावण्यात आला. पुढे ही शिक्षा कमी करून वीस वर्षांच्या कारावासाची करण्यात आली. जर्मन सैन्य मॉस्कोजवळ येताच कैद्यांना सारातोव्हला हलवले गेले. ज्या शहरात त्यांनी तरुणपणी विद्यार्थ्यांना शिकवले होते, त्याच शहरातील तुरुंगाच्या तळघरात ते आता बंदिवान होते. तेथेही ते सोबतच्या कैद्यांना विज्ञानावर व्याख्याने देत. त्यांची पत्नी येलेना बारुलिना, ज्या स्वतः मसुराच्या अभ्यासक होत्या, युद्धामुळे मुलाला घेऊन त्याच सारातोव्हमध्ये राहत होत्या. पती मॉस्कोच्या तुरुंगात आहे असे समजून त्या आपल्या तुटपुंज्या मिळकतीतून मॉस्कोला खाऊचे पुडके पाठवत राहिल्या. पती याच गावात उपाशी आहे, हे त्यांना कोणीही सांगितले नाही. २६ जानेवारी १९४३ रोजी वाव्हिलोव्ह यांचा भुकेने झिजून मृत्यू झाला. माणसाची भूक मिटावी म्हणून आयुष्य वेचणारा हा शास्त्रज्ञ अन्नावाचून गेला. त्यांची स्वतंत्र समाधीही नाही. त्यांना सामुदायिक कबरीत पुरण्यात आले.

इकडे लेनिनग्राड शहराला, म्हणजे पूर्वीच्या पेट्रोग्राडला, सप्टेंबर १९४१ पासून जर्मन सैन्याचा वेढा पडला होता. त्या हिवाळ्यात बहुसंख्य नागरिकांच्या वाट्याला दिवसाकाठी अवघा १२५ ग्रॅम पाव येई आणि तोही भेसळीचा. लाखो माणसे भुकेने व थंडीने मेली. अशा शहरातील एका इमारतीत वाव्हिलोव्ह यांचा सुमारे अडीच लाख नमुन्यांचा संग्रह होता. त्यात गहू होता, तांदूळ होता, मका, वाटाणे आणि भुईमूगही होता. आपले संचालक कोठे आहेत, जिवंत आहेत की नाहीत, हे तेथील कर्मचाऱ्यांना ठाऊक नव्हते. तरीही गोठवणाऱ्या अंधाऱ्या खोल्यांत त्यांनी आळीपाळीने पहारा दिला. उंदरांपासून आणि चोरांपासून बियाणे जपले. तोफगोळ्यांच्या माऱ्यात शेतातले बटाट्याचे नमुने खणून आणले.

भुईमुगाच्या संग्रहाचे काम पाहणारे अलेक्झांडर श्चुकिन आपल्या टेबलाशी बसल्या जागी भुकेने मरण पावले. भाताचे अभ्यासक द्मित्री इव्हानोव्ह गेले, तेव्हा त्यांच्याभोवती भाताच्या हजारो पुड्या होत्या. ओटच्या अभ्यासक लिलिया रोदिना यांचाही असाच अंत झाला. आणखीही कित्येक सहकारी गेले. मूठभर दाणे तोंडात टाकले असते, तर त्यांना कोणी दोष दिला नसता. पण ते दाणे त्यांच्या लेखी खाण्याचे धान्य नव्हते; युद्ध संपल्यावर देशाची शेती पुन्हा उभी करण्यासाठी राखून ठेवलेली ती ठेव होती. त्यांतील काही वाण एकदा संपले असते, तर पृथ्वीवर पुन्हा मिळाले नसते. जानेवारी १९४४ मध्ये वेढा उठला, तेव्हा संग्रहाचा बराच मोठा भाग सुरक्षित होता.

१९५५ साली वाव्हिलोव्ह यांच्यावरील आरोप रद्द करण्यात आले. लिसेंको यांचा प्रभाव १९६४ नंतर ओसरला. ज्या संस्थेतून वाव्हिलोव्ह यांना दूर करण्यात आले होते, ती आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. त्यांची कल्पना जगभर रुजली. भारतातही नवी दिल्ली येथील राष्ट्रीय जनुकपेढीत देशभरातील पिकांचे लाखो नमुने शीतगृहात जपून ठेवलेले आहेत. पाटणचेरूच्या संग्रहात एकट्या भुईमुगाचे सुमारे पंधरा हजार नमुने आहेत.

आपल्या घरातही बियाणे जपण्याची रीत जुनी आहे. कणग्यांत व मडक्यांत राखेत घोळवून ठेवलेले बी घरची बाई कितीही ओढाताण झाली तरी पुढच्या पेरणीआधी मोडू देत नसे. बियाणे खाल्ले तर आजची भूक भागते, पण उद्याचे शेत जाते, हे तिला कोणी शिकवावे लागले नाही. वाव्हिलोव्ह आणि त्यांचे सहकारी यांनी हेच शहाणपण संपूर्ण मानवजातीसाठी आचरले आणि त्याची किंमत प्राणांनी मोजली. पुढच्या वेळी शेंग फोडून दाणे हातावर घ्याल, तेव्हा बोलिव्हियाच्या माळावरील ती अनाम रानरोपटी आणि लेनिनग्राडच्या थंड खोलीत टेबलाशी बसलेला तो पहारेकरी, या दोघांचीही आठवण ठेवावी.